163 ओळींची वही आणि 'बंद का केला'चा रकाना

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की स्टीमच्या (कॉम्प्युटरचे गेम घेतो ते ऑनलाइन दुकान) 2025 च्या हिशोबात तुझे 912 तास निघाले, त्यातले सहाशेच्या वर एकट्या काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या गेममध्ये, लायब्ररीत सत्तरएक गेम न उघडता पडलेत, ते बघून पोटात गोळा आलाय, आणि ताई तुम्ही इतकी वर्षं खेळताय, वर टेस्टिंगचीच नोकरी करता, तर वर्षाचा हिशोब तुम्ही कसा काढता आणि तुमचं वर्ष कसं गेलं. ताई म्हणालास म्हणून हक्काने तू म्हणते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी त्या 912 चं बघू. दिवसाला अडीच तास पडले. तो आकडा म्हणजे शाळेतली हजेरी आहे रे, पोरगं वर्गात होतं एवढंच त्यातून कळतं, शिकत होतं का मागच्या बाकावर डुलक्या काढत होतं ते कळत नाही. त्यात स्टीमचं मीटर रिक्षासारखं, तू गेम पॉजवर टाकून जेवायला गेलास, आईने दळण आणायला पाठवलं, तिकडे वेटिंग चालूच. आणि वर्षाचा हिशोब ते डिसेंबरच्या मधेच काढतात, म्हणजे नाताळच्या सुट्टीत तू जे काय खेळलास ते त्यात नाहीच. त्यामुळे आकडा बघून घाबरायचं पण कारण नाही आणि मिरवायचं पण नाही.

मी चौदा वर्षं पुण्यात गेम टेस्टिंग करतेय. लोकांना वाटतं मजा आहे, दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात. प्रत्यक्षात काय, तर एकाच लेव्हलच्या भिंतींना घासत आठवडाभर चालायचं, कुठे कॅरेक्टर भिंतीतून आरपार जातंय का बघायला. सवय इतकी मुरलीये की घरी नवा गेम लावला तरी मी पहिली पाच मिनिटं भिंतीच घासते, नवरा हसतो. पण या नोकरीने एक चांगली खोड लावली. आम्ही बग, म्हणजे गेममधली चूक, लिहितो तेव्हा 'गेम मस्त आहे, गेम बोर आहे' असलं काही लिहून चालत नाही. काय करत होतीस, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, एवढंच लिहायचं. 2019 का 2020 मध्ये मी हेच घरच्या खेळण्याला लावलं. किराणा दुकानात मिळते ती दोनशे पानी वही, आणि गेम बंद केला की झोपायच्या आधी एक ओळ. तारीख, वेळ, गेम, कुठे पोचले, आणि शेवटचा रकाना: बंद का केला.

सगळी गंमत त्या शेवटच्या रकान्यात आहे. सुरू का केला याला काय, दिवसभर कंटाळले होते म्हणून, दुसरं उत्तर सहसा नसतंच. बंद करताना मात्र माणूस खोटं बोलत नाही. पहिल्या वर्षी मी तिथे काहीबाही मोठमोठं लिहायचे, मग आपोआप पाच शब्दांवर आलं. झोप, घर, लाईट, वैताग, पुरे. 'घर' म्हणजे मुलगा उठला, बेल वाजली, सासूबाईंचा फोन आला. 'लाईट'मध्ये नेट पण आलं. 'पुरे' म्हणजे पोट भरलं, आता उद्या. जेवताना आपण हात आडवा करतो ना, तसं.

2025 मध्ये वहीत 163 ओळी आहेत. गेम तेरा, त्यातले पूर्ण झाले चार. 58 वेळा झोप, 41 वेळा पुरे, 29 वेळा घर, 22 वेळा वैताग, 9 वेळा लाईट, आणि चार ओळींत तो रकाना कोराच, बहुतेक वहीवरच डोकं टेकलं असणार. आता तुला वाटेल 163 म्हणजे साधारण दिवसाआड, बरंय की प्रमाणात. थांब, त्यात एक चोरी आहे, ती पुढे सांगते.

त्या 22 वैतागांमधले 14 एकट्या सिल्कसाँगचे.

हॉलो नाइट हा 2017 चा गेम, मला जीव की प्राण. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची टीम चेरी म्हणून मूठभर माणसं आहेत, त्यांनी 2019 च्या फेब्रुवारीत त्याचा पुढचा भाग, म्हणजे हा सिल्कसाँग, जाहीर केला आणि मग सहा वर्षं नुसती वाट. शेवटी ऑगस्टमध्ये तारीख सांगितली ती फक्त दोन आठवडे आधी, 4 सप्टेंबर 2025. आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. आता तूच बघ, गणपती बसलेले, दोनच दिवसांपूर्वी गौरींचं विसर्जन झालेलं, आणि साडेसात म्हणजे बरोबर आरतीची वेळ. मी एका हाताने टाळ वाजवतेय आणि डोक्यात हॉर्नेट, म्हणजे सिल्कसाँगची नायिका. आरती संपवून, खिरापत वाटून बसले तर त्या संध्याकाळी जगभर इतकी गर्दी झालेली की जवळपास सगळीच ऑनलाइन दुकानं आडवी पडलेली, पेमेंटचं पान उघडेना. रात्री सव्वानऊला मिळाला. त्या दिवशीची ओळ आहे: 'मॉस ग्रोटो, हात बसला नाही अजून, झोप.'

हात का बसला नाही ते सांगते, कारण मधे ज्यांनी ज्यांनी हा गेम सोडला त्यातल्या निम्म्या लोकांचं दुखणं तेच असणार. हॉलो नाइटमध्ये तुम्ही शत्रूच्या डोक्यावर सरळ खाली वार करून उसळी घेता. हॉर्नेट तिरकी उतरते. म्हणजे शत्रूच्या वर जाऊन नाही चालत, थोडं मागून, कोनात यावं लागतं. आठ वर्षं बोटांना लागलेली सवय मोडायची. पुढे तिच्या वेगवेगळ्या क्रेस्ट, म्हणजे लढायच्या पद्धती, मिळतात, त्यात वाँडरर नावाची घेतली की सरळ वार परत मिळतो, मी ती घेतली आणि नंतर काढलीच नाही, लोक म्हणतात ही पळवाट आहे, म्हणू देत. दुसरं म्हणजे सुरुवातीला जीव पाच मुखवट्यांचा, आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन काढतात. तीन फटके की खेळ खलास. बरं व्हायला रेशीम साठवायचं, ते साठलं की एका दमात तीन मुखवटे परत. हिशोब कागदावर बरोबर आहे. रात्री साडेअकराला तो हिशोब डोक्यात राहत नाही एवढंच.

त्या गेममधली एक जागा दाखवते तुला. हंटर्स मार्च नावाचा भाग आहे, लाल मुंग्यांसारखे योद्धे, जीव नकोसा करतात. एक मुखवटा शिल्लक, जवळ जमवलेल्या जपमाळेच्या मण्यांचा ढीग (तिथले पैसे म्हणजे ते मणी), आणि समोर बाक दिसतो. बाक म्हणजे या गेममधलं देऊळच समज, बसलं की जीव भरतो, तिथूनच पुढच्या वेळी उठतो. मी हुश्श करून बसले. आणि वरून सापळा खाली आला. बाकालाच सापळा लावलेला! मी इतकी मोठ्याने हसले की मुलगा उठून बाहेर आला. चौदा वर्षं लोकांचे सापळे तपासतेय आणि मला कोणीतरी बाकावर बसवून मारलं. तो सापळा बंद करायची कळ पण जवळच लपवलेली असते, ती नंतर सापडली. त्या दिवशी रकान्यात 'पुरे' आहे. मेले, मणी गेले, तरी 'पुरे'. हे लक्षात ठेव, हरणं आणि वैताग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वहीनेच शिकवलं.

वैताग आला तो लास्ट जजपाशी. पहिला अंक संपताना दारावर उभी असते, साखळीला बांधलेलं भलंमोठं धुपाटणं गरागरा फिरवत. तिच्यापर्यंत जायलाच बाकापासून वाऱ्यात उड्या मारत जवळपास मिनिट जातो, वाटेत उडणारे किडे टोचतात ते वेगळंच. म्हणजे बॉसशी (वाट अडवणाऱ्या तगड्या शत्रूशी) वीस सेकंद लढायचं, मरायचं, आणि परत मिनिटभर चालत यायचं. तीन रात्री, 26 वेळा. पहिल्या दोन रात्रींची ओळ सारखीच: 'जज, वैताग.' तिसऱ्या रात्री तर मी फक्त 'जज' लिहून पेन आपटलेलं दिसतंय, कागद फाटलाय तिथे. मग रविवारी सकाळी सातला, दूध तापवून, घर झोपलेलं असताना बसले आणि चौथ्या वेळेला पडली. मरता मरता तिचा स्फोट होतो आणि त्यात आपण पण जाऊ शकतो, हे ऑफिसात एकाने सांगून ठेवलं होतं म्हणून मी लांब पळाले.

डिसेंबरमध्ये वही काढून बसले तेव्हा हे दिसलं, की सिल्कसाँगच्या 14 वैतागांपैकी 11 रात्री साडेअकरानंतरचे आहेत. गेम तोच, हात तेच, बॉस त्याच. मी चार महिने गेमला शिव्या देत होते, आणि खरी भानगड ही की ऑफिस, स्वयंपाक, अभ्यास घेणं सगळं उरकून उरलेल्या चोथ्याने मी तो खेळत होते. आता हे 912 तासांच्या आकड्यात कधीच दिसलं नसतं.

तरी मी तो सोडलाच बरं का. दुसऱ्या अंकात बाइलवॉटर नावाचं एक गटार आहे, पाण्यात पडलं की अळ्या चिकटतात आणि बरं होता येत नाही, बाक कुठेतरी भिंतीमागे लपवलेला. सकाळी खेळून बघितलं, ताजी होते, तरी वैताग. तेव्हा कळलं की इथे वेळेचा दोष नाही, मला हे नकोय. 'सोडला. गेमची चूक नाही, माझी पण नाही.' आणि कव्हर मिटलं. परत जाईन का माहीत नाही, पण रुखरुख नाही.

याच्या उलट एप्रिल-मेमध्ये ब्लू प्रिन्स. मुलाला सुट्टी लागलेली, अकरा वर्षांचा आहे, त्याला म्हटलं माझ्याबरोबर खेळ. 45 खोल्यांचा वाडा आहे, काका-आजोबांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय की 46 वी खोली शोधलीस तर वाडा तुझा. नऊ रांगा आडव्या, पाच उभ्या, आणि प्रत्येक दार उघडताना तीन खोल्यांचे नकाशे समोर येतात, त्यातली एक निवडायची की तिथे ती खोली तयार होते. दिवसाला सुरुवातीला 50 पावलं. संपली की दिवस संपला, रात्रीत सगळा वाडा पुसला जातो, सकाळी परत शून्यापासून. ऐकायला छळ वाटतो. पण डोक्यात जे कळलं ते राहतं, आणि सगळा गेम त्याच्यावरच उभा आहे.

आमची ब्लू प्रिन्सची वेगळी वही झाली, चिरंजीवांच्या अक्षरात. पार्लर नावाच्या खोलीत तीन पेट्या असतात, प्रत्येकीवर एक वाक्य, नियम असा की निदान एकीवरचं खरं आणि निदान एकीवरचं खोटं, बक्षीस कुठल्या पेटीत ते ओळखायचं. तो सुरुवातीला अंदाजाने ठोकायचा. आठवडाभरात 'आई थांब, समजा पांढरी खरं बोलतीये, मग काळीला खोटं बोलावंच लागतं' इथपर्यंत गाडी आली. बिलियर्ड रूममध्ये डार्टबोर्डवर रंगावरून बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करायचे असतात, आतून बाहेर क्रमाने, ते त्याचं खातं, मला हात लावू द्यायचा नाही. शाळेत तोंडी गणित म्हटलं की पोटात दुखणारा मुलगा आहे हा. शब्दांची कोडी मात्र सगळी इंग्रजीच्या शब्दखेळावर, तिथे तो कंटाळायचा, मग ती मी सोडवायची. अशी आमची वाटणी.

'लाईट'च्या नऊ ओळींमधली सगळ्यात कडू ओळ पण याच गेमची. मेमध्ये वळवाचा पाऊस यंदा किती लवकर आणि किती धो धो पडला आठवतंय ना? दिवस 24 वा चालू, वरच्या रांगेतल्या अँटेचेंबरच्या (46 व्या खोलीआधीच्या खोलीच्या) दाराशी दोन खोल्या राहिलेल्या, जवळ चाव्या, पावलं, सगळं, आणि कडाड. लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूब आहेत, कॉम्प्युटर नाही. आम्ही खेळत होतो तेव्हा त्या गेममध्ये दिवसाच्या मधे सेव्ह होत नव्हतं. अंधारात मुलगा दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला 'आई, पण आपल्याला रस्ता पाठ आहे.' त्याने स्वतःच वहीत लिहिलं, 'लाईट गेली, रस्ता पाठ आहे.' 31 व्या दिवशी 46 व्या खोलीत पोचलो. त्याच्या पुढे पण गेममध्ये बरंच काही शिल्लक आहे, पण जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आम्ही तिथेच पूर्णविराम दिला. माझ्या चार पूर्ण झालेल्या गेम्समध्ये मी तो धरलाय, कोणाला धरायचा नसेल तर नका धरू.

क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन 33 बद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी थोडक्यात उरकते. फ्रान्समधल्या मॉन्पेलिएचा स्टुडिओ, एप्रिलमध्ये आला, डिसेंबरमध्ये गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम ठरला, आणि ठरायलाच हवा होता. पाळीपाळीने वार करायचे जुन्या पद्धतीचे, पण शत्रूचा वार येताना आपण नेमक्या क्षणी बटण दाबून तो परतवायचा. एक गोष्ट सांगते जी मला उशिरा कळली, डोळ्यांनी बघून परतवायला जाशील तर फसशील, ते मुद्दाम हात उगारून थांबतात, फसवतात. कानाने खेळायचं. तबला शिकलेल्या माणसाला हा गेम सोपा जाईल असं माझं प्रामाणिक मत आहे. तक्रार एकच, तिसऱ्या अंकात एका वाराच्या जोरावरची 9999 ची मर्यादा उठते आणि थोडं इकडेतिकडे फिरून आलात की तुम्ही इतके तगडे होता की शेवटच्या लढाया फुसक्या ठरतात. माझी शेवटची लढाई कूकरला तीन शिट्ट्या व्हायच्या आत संपली. गोष्ट मात्र डोक्यातून जाता जाईना, तीन दिवस मी ऑफिसात उगाच गप्प होते.

आता ती चोरी. वहीत बलाट्रोची एकही ओळ नाही.

बलाट्रो माहितीये ना, पत्त्यांचा, 2024 च्या फेब्रुवारीत आलेला, कॅनडातल्या एका माणसाने एकट्याने केलेला, अजून खरं नाव सांगत नाही तो. सप्टेंबरमध्ये फोनवर आला आणि माझी वाट लागली. पोकरचे हात आहेत, पण पैसे लावणं वगैरे काही नाही. पाच पानं एका रंगाची लावली की अमुक गुण, आणि मग तुझ्याकडे जमवलेले जोकर ते गुण फुगवत नेतात. पहिली पायरी 300 गुणांची, आठव्या पायरीच्या शेवटच्या बॉसला सहसा एक लाख लागतात. बदाम सात आणि मेंढीकोटावर वाढलेल्या घरातली मी, मला पानं हातात धरायला कोणी शिकवायला नको. एकदा सगळी मदार चित्रांच्या पानांवर ठेवली, गुलाम-राणी-राजा आले की दणादण गुण, जोकर पण तसलेच जमवले, आणि पुढचा बॉस निघाला 'प्लांट', जो सगळी चित्रांची पानंच बाद करतो. तीन जोड्या राजे-राण्या हातात घेऊन मी बसस्टॉपवर उभी, एकाला किंमत नाही.

तर हा गेम मी खेळायला कधी बसलेच नाही, म्हणून कधी बंदही केला नाही, म्हणून वहीत ओळच नाही. कूकर लावला की एक डाव, बसमध्ये एक, मुलगा आंघोळीला गेला की एक. ऑक्टोबरमध्ये सहज फोनचा स्क्रीन टाइम बघितला तर रोजचे सरासरी 52 मिनिटं. रोजचे! वर्षाला तीनशेच्या वर तास झाले, म्हणजे बाकी सगळ्या गेम्सची बेरीज जेमतेम तेवढी होईल. ज्या गेमला मी 'हा आपला टाइमपास' म्हणत होते तोच माझा 2025 चा सगळ्यात मोठा गेम होता, आणि त्याच्या एका डावाबद्दल पण (तो प्लांटवाला सोडून) मला काही आठवत नाही. त्या दिवशी काढून टाकला. भाऊबीजेला माहेरी कोल्हापूरला गेले तिथे परत टाकला, परतीच्या प्रवासात परत काढला. आता टाकलाय, पण ओळ लिहायची अट घालून. एका डावाला एक ओळ. ओळ लिहायचा कंटाळा येतो म्हणून डाव कमी झालेत, बाकी माझ्यात काही सुधारणा नाही.

आणि दुसऱ्या टोकाला शनिवारची रात्र. माझा दादा नाशिकला असतो. आम्ही दोघं लहानपणी टीव्हीला लावायच्या त्या कॅसेटच्या गेमवर कॉन्ट्रा खेळायचो, पहिला कंट्रोलर कायम त्याचा, तीस जीवांचा कोड त्याला पाठ, मी मेले की माझं कॅरेक्टर स्क्रीनच्या खाली सोडून हा वर पळणार. आता शनिवारी साडेनऊला आम्ही बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) लावतो, तो, मी आणि त्याचे दोन मित्र. खेळात आम्ही दोघं भंगार आहोत. एरँगेल नावाच्या बेटावर उतरायचं, एखाद्या घरात घुसून बंदुका गोळा करायच्या, आणि तेवढ्यात 'आईच्या गोळ्या बदलल्या का गं डॉक्टरांनी', 'बाबा परत स्कूटरवर गेले म्हणे' हे चालू. मग कुठूनतरी बारा-तेरा वर्षांचं एखादं पोरगं येऊन आम्हाला टिपून जातं. तास बघशील तर वर्षाला तीसेक असतील. ओळी 37. त्यातल्या 24 ठिकाणी 'पुरे', म्हणजे वर्षातल्या एकूण 41 'पुरे'पैकी निम्म्याहून जास्त या एका गेमचे, ज्याला मी कोणी विचारलं तर माझ्या आवडत्या दहात पण धरणार नाही. हे बघून मला जरा हलल्यासारखं झालं, खरं सांगते. दादाला नाही सांगितलं, तो डोक्यावर चढेल.

तुझ्या सत्तर न उघडलेल्या गेम्सबद्दल. स्टीमनेच 2024 च्या हिशोबात दिलं होतं की मधला खेळाडू वर्षभरात फक्त 4 गेम खेळतो, आणि सगळ्यांच्या मिळून खेळण्यातला त्या वर्षी आलेल्या नव्या गेम्सवरचा वेळ 15 टक्के. म्हणजे जग जुनंच खेळतंय, तू एकटा मागे पडलेला नाहीस. सत्तर गेमची वर्षाला चारच्या हिशोबाने साडेसतरा वर्षं होतात, तोवर तुझा कॉम्प्युटर भंगारात गेला असेल. ती यादी पूर्ण करायची यादी नाहीये, सेलमध्ये घेतलेल्या साड्या आहेत त्या. मी पण यंदा नऊ घेतले, पाचच उघडले, एक परत केला, घेतल्यापासून चौदा दिवस आणि खेळल्याचे दोन तास याच्या आत असलं की पैसे परत मिळतात हे विसरू नकोस, लोक लाजतात उगाच. आणि मला विचारशील तर सत्तरातले जे आज दुकानात दिसले असते तर तू घेतले नसतेस ते लायब्ररीत लपवून टाक, डिलीट नको करूस, फक्त समोरून हलव. माझ्याकडे पुण्याच्याच स्टुडिओचा 2020 मधला 'राजी' दोन वर्षं तसाच पडून होता, गर्दी हलवल्यावर दिसला, ऑगस्टमध्ये राखीच्या आठवड्यात लावला, आणि गेम सुरूच होतो राखीपासून, बहीण भावाला शोधत निघते. चार-पाच संध्याकाळींत झाला. लढाई जरा अडखळते, पण ते राजवाडे आणि सावल्यांच्या बाहुल्यांच्या गोष्टी बघून डोळे निवले.

काउंटर-स्ट्राइकचं वेगळं. तिथे 'बंद का केला' याला माझे पाच शब्द पुरणार नाहीत, तू एक जास्तीचा रकाना घाल: शेवटची मॅच जिंकलास का हरलास. मी ऑफिसातल्या दोन पोरांना हे करायला लावलं होतं. दोघांचं एकच निघालं, हरल्यावर बंद करवत नाही. 'एक जिंकतो आणि झोपतो' म्हणायचं, तेरा राउंड जिंकायचे म्हणजे धरून चाल पाऊण तास, ती पण हरायची कारण आता रात्रीचा एक वाजलाय, की परत एक. म्हणजे चांगल्या दिवशी हा अकराला झोपतो आणि वाईट दिवशी तीनला, सगळे जास्तीचे तास वाईट दिवसांचे. तुझे सहाशे तसे आहेत का मला माहीत नाही, असतील किंवा तू मित्रांबरोबर मजेत खेळत असशील, माझ्या शनिवारसारखा. महिनाभर लिहून बघ, जानेवारी पुरेल. मागचं वर्ष आता काही केल्या आठवणार नाही, त्याच्या मागे लागू नकोस, स्क्रीनशॉटचा फोल्डर उघडून तारखांवरून जमेल तेवढं बघ, ज्या गेमचे एकदम दहा-पंधरा स्क्रीनशॉट एका दिवशी काढलेत तिथे काहीतरी झालं होतं असं समज.

आणि वही कागदाचीच घे. मी मधे एक वर्ष फोनवर लिहून बघितलं, ओळ लिहायला फोन उघडायचा आणि तिथे बलाट्रो.